रुळांवरचं मुखपृष्ठ

आमच्या घरात रविवारी सकाळी कुणालाच वेळेवर आंघोळ मिळायची नाही. न्हाणीघराच्या फटींत जुन्या चादरी कोंबून मामा आत फोटो धुवायचा आणि बाहेर आई त्याच्या नावानं खडे फोडायची. आईचा हा धाकटा भाऊ आमच्याकडेच राहायचा. एका साप्ताहिकाचा फोटोग्राफर होता. दार उघडलं की औषधांचा आंबट वास घरभर पसरायचा आणि कपड्यांच्या दोरीवर चिमट्यांनी ओले फोटो लटकायचे. तो वास आता कुठंच येत नाही.

साप्ताहिकाचं ऑफिस एका शिंप्याच्या दुकानावर होतं. कॉलेज सुटलं की मी तिथं प्रुफं तपासायला जायचे. संपादक बाईंनीच मला ते काम शिकवलं. चष्मा कायम कपाळावर, बाहीला शाई. माझी चूक सापडली तर त्या रागवायच्या नाहीत, नुसती पेन्सिल टेबलावर टकटक वाजवायच्या. मला ते ओरडण्यापेक्षा जास्त लागायचं.

एका वर्षी प्रवास विशेषांकाला मुखपृष्ठ हवं होतं. मामा मला मालधक्क्यामागच्या रुळांवर घेऊन गेला. पिवळा स्वेटर घालून, हात पसरून, रुळावरून तोल सांभाळत चालायचं आणि हसायचं, एवढंच माझं काम. मामानं रुळांच्या मधोमध कॅमेऱ्याचं स्टँड उभं केलं. ऊन कललं होतं, वारा समोरून येत होता. फोटो झाले. मग एखादा जवळून घेऊ म्हणून त्यानं कॅमेरा स्टँडवरून काढून डोळ्याला लावला आणि एकदम ओरडला, "चिमणे!"

मला वाटलं, हस म्हणतोय. मी हसले.

तो धावत आला, बाही धरून त्यानं मला ओढलं आणि आम्ही दोघं खडीवरून गवतात गडगडलो. भोंगा ऐकू आला तेव्हा गाडी शेजारून चालली होती. स्टँडचा चुराडा झाला. माझे गुडघे सोलवटले होते. मामा सिगरेट पेटवायला बघत होता, पण काडी काही पेटीवर लागेना. शेवटी मीच पेटवून दिली. आईला सांगायचं नाही, हे आम्हाला एकमेकांना बोलून दाखवावं लागलं नाही.

बाईंना मात्र मामानं सगळं सांगितलं. त्यांनी माझे गुडघे पाहिले, चहा मागवला, कितीतरी वेळ माझा हात हातात धरून ठेवला. अंक आला तेव्हा मुखपृष्ठावर मी होते आणि खाली छापलं होतं, 'पाऊल नेईल तिकडे'. बाकी अवाक्षर नाही.

खोटं कशाला बोलू, मी हवेतच होते. शिंपी गिऱ्हाइकांना पिवळं कापड दाखवून "मुखपृष्ठावरचं" म्हणायचा. वाचक रुळांवरचे आपापले फोटो पाठवू लागले, तेव्हा बाईंनी त्यांची स्पर्धाच जाहीर केली. परीक्षक अर्थात मामा.

फोटोंचा ढीग आमच्या जेवणाच्या टेबलावर आला. रुळाला कान लावून झोपलेले मित्र, रांगेनं उभं राहिलेलं अख्खं कुटुंब. आई एकेक उचलून हसत होती. त्यात एका छोट्या मुलीचा फोटो होता. दोन वेण्या, हात पसरलेले, अगदी माझ्यासारखे. फोटोच्या मागे तिच्या वडिलांनी लिहिलं होतं, बक्षीस मिळालं तर हिला सायकल घेणार. मामानं भिंग फोटोवर धरलं आणि मग ते आईकडे सरकवलं. मुलीच्या मागे, वळणावर, इंजिनाचा दिवा होता.

आईनंही पाहिलं. "फोटो काढणाऱ्याला दिसला नाही हा?"

"मला तरी कुठं दिसला होता," मामा म्हणाला.

अशी आईला आमची गोष्ट कळली. ती रागवेल म्हणून मी अंग चोरून बसले होते. तिनं फक्त फोटो गोळा केले, पाकिटात भरले आणि आम्हाला म्हणाली, "उठा. आत्ताच्या आत्ता जाऊन त्या बाईंना दाखवा."

बाईंनी भिंगातून फोटो पाहिला. हा छापणार नाही, असं लगेच म्हणाल्या. पण मामाला तेवढ्यानं भागणार नव्हतं. आमच्यावर काय गुदरलं होतं ते छापा, असं त्याचं म्हणणं. बाई म्हणाल्या, लोक काही कुक्कुली बाळं नाहीत, त्यांना गाडी कळते.

मी त्यांच्यासमोर कधी तोंड वर करून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "बाई, आम्ही तरी कुठं बाळं होतो? मी तर गाडीकडे पाठ करून हसत होते."

पेन्सिल वाजली नाही. त्यांनी भिंग खाली ठेवलं. पुढच्या अंकात जागेअभावी स्पर्धा रद्द झाल्याच्या दोन ओळी आल्या. खरं कारण आलंच नाही. मामानं साप्ताहिक सोडलं. रागारागात नव्हे, दोघं शेवटी एकमेकांना नमस्कार करूनच उठले. त्यानं बाजारात छोटा स्टुडिओ टाकला. रुळांवर फोटो काढायचाय म्हणत जोडपी आली की तो त्यांना बसवून घडलेलं सगळं सांगायचा. काहीजण ऐकायचे, काही दुसऱ्या स्टुडिओत जायचे. त्या मुलीच्या वडिलांना मी स्वतः पत्र टाकलं. उत्तर आलं नाही.

साप्ताहिक पुढे बंद पडलं. एकदा मी मामाकडे बसले असताना बाई पासपोर्टचा फोटो काढायला आल्या. बऱ्याच थकल्या होत्या. जुन्या गप्पा निघाल्या, शिंप्याच्या, रात्रभर गळणाऱ्या ऑफिसच्या नळाच्या. स्टुलावर बसता बसता त्या सहज म्हणाल्यासारखं म्हणाल्या, "तुमचं तेव्हा छापायला हवं होतं हो. आपल्याच मुखपृष्ठाची चूक कबूल करायची लाज वाटली मला."

मामा दिवा सारखा करत होता.

"बाई," तो म्हणाला, "हनुवटी जरा वर घ्या."

नंतर त्यानं पैसे घेतले नाहीत आणि त्या तशा जाईनात. त्यावरून दोघं दारात चांगले भांडले, पूर्वी मथळ्यांवरून भांडायचे तसे, आणि मी हसत बघत बसले.