दोरावरचा हात

स्क्रू निसटल्याचं मिस्त्रींना आवाजावरून कळलं. तो काँक्रीटवर टिक् करून पडला आणि घरंगळत धक्क्याच्या कडेला निघाला. बाकावर बसलेल्या त्यांच्या मुलीने अनवाणी पाय टाकून त्याला अडवलं.

"बाबा, आज हाताला तेल चोपडून आलात की काय?"

"म्हातारपण चोपडून आलोय," ते म्हणाले आणि उघडा तळवा पुढे केला. चिमटीत धरायचं त्यांनी टाळलं.

तिची पाण्यावर घसरायची स्की त्यांच्या मांडीवर आडवी होती. एकच फळी, तिच्यावर एकामागे एक दोन बूट. पुढचा बूट कालपासून तिला किंचित मागे वाटत होता, म्हणून तो एक भोक पुढे घ्यायचा होता. खालच्या पात्याला हात लावायचा नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळत नाही, हा मिस्त्रींचा नियम होता. परवा निवड चाचणी होती.

"दाजी, उरकलं का? तळं वाळून जायचं," मामा खालून ओरडला. हा त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. क्लबची मोटरबोट तोच चालवायचा.

मिस्त्रींनी कडी हातात घेतली. इंजिनाची किल्ली आणि तळाच्या भोकाचं पितळी बूच एकाच कडीत असायचं. संध्याकाळी बोट काठावर ओढून बूच काढायचं, साठलेलं पाणी सोडून द्यायचं, सकाळी बूच बसवल्यावरच किल्ली सुटी करायची. चौदा वर्षांपूर्वी कुणीतरी बूच विसरलं आणि बोट बांधल्या जागी बुडाली, तेव्हापासूनची ही पद्धत. आज बुचाचे आटे तिसऱ्या खेपेला जुळले. बोट पाण्यात लोटून मामाने इंजिनाचा पंखा लावला. इंजिनाच्या पेटीत साठलेली पेट्रोलची वाफ बाहेर जायला चार मिनिटं लागतात.

ती चार मिनिटं दोराची होती.

बोटीमागे स्कीवाल्याला ओढणारा अख्खा दोर मिस्त्री रोज डोळे मिटून दोन बोटं आणि अंगठ्यातून ओढून बघत. तुटलेला एखादा धागाही त्यांना सापडायचा. दोर किती तास वापरला याची नोंद दुसऱ्या क्लबांत ठेवत. इथे मिस्त्री 'ठीक आहे' म्हणाले की लोक पाण्यात उतरत.

डाव्या तर्जनीवर सकाळी त्यांना एक फोड दिसला होता. फक्त दिसला होता. कशाने आला ते त्यांना आठवत नव्हतं.

मागच्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी त्यांना डोळे मिटायला लावून बोटांवर कापूस फिरवते असं सांगितलं होतं. "कळतंय?" "कळतंय की." बाईंनी कापूस खाली ठेवला. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "मी अजून कापूस टेकवलाच नव्हता." साखर फार वर्षं वाढलेली होती, असं त्या म्हणाल्या. ही गोष्ट त्यांनी घरी सांगितली नव्हती.

दोर त्यांच्या हातातून सरकत गेला. लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा. रंगारंगाचे तुकडे, प्रत्येकाच्या शेवटी फास; पुढचा फास बोटीतल्या खांबावर चढवला की दोर एका रंगाने आखूड व्हायचा. सगळा दोर हातातून गेला आणि कुठेच काही अडलं नाही. ते डोळे उघडून थांबले. मुलगी हातमोजे चढवत त्यांच्याकडेच बघत होती.

"ठीक आहे," ते म्हणाले.

पहिल्या तीन फेऱ्या सुरेख झाल्या. मिस्त्री बोटीत मागे तोंड करून बसले होते. पाण्यावर तरंगणाऱ्या सहा गोळ्यांना वळसे घालत ती या बाजूची त्या बाजूला जात होती आणि प्रत्येक वळणावर दोर ताणला जाऊन कण्हल्यासारखा आवाज करत होता. हा आवाज रोजचाच होता. आज मात्र ते तो कान देऊन ऐकत होते. तिची पाठ पाण्याला टेकायला आली होती. अशा वेळी तुटलेला दोर चाबकासारखा बोटीत परत येतो, आणि पलीकडचं माणूस ज्या वेगात असेल त्याच वेगात पाण्यावर आपटतं.

चौथ्या फेरीसाठी ती तळ्याच्या टोकाला पाण्यात थांबली. "अजून एक रंग कमी करा," तिने हात वर करून सांगितलं.

मिस्त्रींनी पुढचा फास खांबावर चढवायला दोर ओढला आणि हिरव्या तुकड्यावर त्यांना तांबूस डाग दिसला. त्यांनी तळवा उलटा केला. अंगठ्यावर बारीक, स्वच्छ चीर होती. त्यांनी दोर डोळ्यांजवळ नेला. आतल्या बाजूला बोटभर लांबीचे धागे वितळून काचेसारखे कडक झाले होते.

मग त्यांना काल संध्याकाळ आठवली. पाण्याच्या पंपातला रबरी पंखा बदलताना घाईत त्यांनी दोर उघड्या इंजिनावर टाकला होता. इंजिन निवलेलं नव्हतं. एकाच तापलेल्या नळीने दोर जाळला होता आणि तर्जनीही.

"दाजी, चढवा की," मामा म्हणाला. "पोरगी गारठेल."

"इंजिन बंद कर."

"काय झालं?"

"बंद कर म्हटलं ना."

मामाने किल्ली फिरवली. मुलगी स्की हातात धरून पोहत आली आणि बोटीच्या कडेला लटकली.

"दोर बदलायचा," मिस्त्री म्हणाले.

"सकाळीच तर बघितलात," मामा म्हणाला.

"हातातून काढला. बघितला नाही." त्यांनी अंगठा दाखवला. "हे कापलेलं मला आत्ता दिसलं. हाताला कळत नाही आता. सहा महिने झाले."

मामाने जळका तुकडा हातात घेतला, वाकवला. दोन धागे पटकन तुटले. दर फेरीला या तिघांतल्या कुणाचं काय झालं असतं, ते तिघांनाही कळत होतं.

"मला का नाही सांगितलं?" मुलीने विचारलं.

"तू पाण्यात उतरली नसतीस."

"तीन फेऱ्या मारल्या मी, बाबा."

मिस्त्रींनी जुना दोर खांबावरून सोडवला.

बोटीतल्या बाकाखालच्या पेटीत नवा दोर होता. ती वर चढली, हातमोजे काढले, नाक पुसलं. "कसं बघायचं ते सांगा."

"डोळे मीट. दाबू नकोस, नुसता जाऊ दे. घाई केलीस की तो खोटं बोलतो."

ती दोर ओढत राहिली. नारिंगीवर थांबली. "इथे काहीतरी आहे."

मिस्त्रींनी सवयीने हात पुढे केला आणि मागे घेतला. मग खाली वाकून दोर तिथेच खालच्या ओठावरून अलगद फिरवला. ओठाला गार पाणी लागलं, आणि एक बारीक टोक.

"गवताचं कुसळ आहे. काढून टाक."

तिने काढलं. शेवटच्या फासापर्यंत दोर हातातून नेला. मामाने किल्ली धरली आणि रोजच्यासारखं मागे वळून पाहिलं, पण आज मिस्त्रींकडे नाही, मुलीकडे.

"ठीक आहे," ती म्हणाली.