उगवतीला तळं, मावळतीला विहीर

दुपारी साडेतीनला मेंढरं घेऊन बाहेर पडलेल्या बापाचा, बब्रुवानचा, फोन आला. तो बोलायच्या आधीच अक्षदाला मेंढरांचं कण्हणं ऐकू आलं.

"अक्षे, मेंढरं फुगली गं. घासात शिरली. जरा डोळा लागला माझा, अन् घात झाला."

येरमाळ्याच्या घरात अक्षदा ताडकन उठली. उपाशी मेंढरांनी कोवळा लसूणघास खाल्ला की पोटात वायू कोंडतो आणि दोन-तीन तासांत खेळ संपतो, हे तिला बीएस्सीच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं.

"किती हायत आप्पा?"

"वीस-बावीस. पाजायला थेंबभर तेल न्हाय. खाली बसू देत न्हाय, नुसतं चालवतोय. डाक्टर धाड."

"तुमी कुठं हाव पण?"

"रानात."

"कुणाच्या?"

"काय म्हाईत! सास्तूरात एक पाव्हणा भेटला. म्हनला, खतासाठी दोन दिस बसवा मेंढरं. सकाळी वाट दावली, दुपारी शेतात सोडलं अन् गेला लग्नाला. नाव इचारायचंच ऱ्हायलं."

बब्रुवानचा फोन बटणांचा. त्यावरून ठिकाण पाठवता येत नव्हतं. कळप सोडून रस्त्यावर जावं, तर मागं मेंढरं आडवी झाली असती.

अक्षदानं आधी मोबाईलवरच्या नकाशातच सास्तूरच्या आसपास जनावरांचा दवाखाना शोधला. एक सापडला, पण त्याखाली नंबर नव्हता. तिनं लोकांनी टाकलेले फोटो उघडले. तिसऱ्या फोटोत फाटकावरची पाटी होती. मोठी केली तर डॉ. महेश्वरींचा नंबर स्पष्ट वाचता आला. तिनं लगेच लावला.

"निघते मी," डॉ. महेश्वरी म्हणाल्या. "पण कुठं येऊ ते सांग. रानात हाका मारत फिरले तर तासभर तिथंच जाईल."

अक्षदानं पुन्हा बापाला फोन लावला. "आप्पा, उभं ऱ्हावा अन् भवताली काय दिसतंय ते सांगा."

"उगवतीला मोठं शेततळं, काळ्या कापडाचं. त्याच्या कडंला निळ्या पत्र्याचं शेड. मावळतीला हीर. मधी मी."

शोधपेटीत 'सास्तूर शेततळे' टाकलं तर अनुदानाचे अर्जच वर आले. मग तिनं उपग्रहाचं चित्र लावलं. वरून शेततळी काळ्या चौकटींसारखी उठून दिसत होती. सकाळपासून दुपारपर्यंत कळप बारा किलोमीटर सहज चालतो, हा तिचा हिशेब. अंतर मोजायच्या पट्टीनं तिनं सास्तूरपासून चहूबाजूंना तेवढं मोजलं आणि त्या अंतराच्या आसपासची तळी वहीत लिहायला लागली. अकरा झाली. एकाच्याही बाजूला निळं छत नव्हतं.

तिची आई तारामती मागं येऊन उभी होती. "इतक्या लांब काय बघायलीस?"

"आप्पा बारा किलोमीटर चालतात की गं."

"आप्पा चालतील. कोकरं कोण चालवंल, तू? धा दिसाची बारा कोकरं हायत संगं. दोन कोसाच्या वर एक पाऊल टाकायची न्हाईत ती. शिकलीस लई, पर मेंढरामागं फिरली न्हाईस!"

अक्षदाला ते झोंबलं, पण पटलं. दोन कोस म्हणजे सहा किलोमीटर. तिनं पट्टी आखूड केली. आता सापडली तीनच तळी, आणि निळं शेड त्यांच्याही शेजारी नव्हतं.

तिनं चित्राच्या कोपऱ्यातली तारीख पाहिली. ते तीन वर्षांपूर्वीचं होतं. शेड त्यानंतर उभं राहिलं असेल. पण विहीर काही जागा सोडत नाही.

"आप्पा, हीर गोल हाय का चौकोनी?"

"चौकोनी. दगडी. अगं, एक आडवं पडलं बघ..."

"उठवा त्याला!"

एका तळ्याजवळ विहीरच नव्हती. दुसऱ्याजवळ होती, पण गोल. तिसऱ्याच्या मावळतीला, दोनेकशे मीटरवर, ठळक चौकोन दिसत होता आणि मधे मोकळं रान. तिनं चौकोनावर बोट दाबून धरलं, अक्षांश-रेखांश आले, ते डॉक्टरांना पाठवले. खाली लिहिलं: 'निळं शेड दिसेल. चित्र जुनं असल्यामुळे खात्री नाही, पण विहीर जुळते.'

मग हातात काहीच उरलं नाही. बापाचा फोन लागेना. बॅटरी गेली असावी. तारामती उंबऱ्यात बसली आणि पोरीकडं बघायचं टाळू लागली. जागा चुकली असेल तर दोष कुणावर येईल, हे दोघींनाही कळत होतं.

सव्वापाचला डॉक्टरांच्या नंबरावरून फोन आला. बोलत होता बब्रुवान.

"अक्षे, मॅडम नीट हिरीपाशीच आल्या बघ! कुणाला इचारलं बी न्हाय. नळी घातली, सुई टोचली, फुस्सकन वारं गेलं. एक मेंढी गेली. बाकी समदी हायत. रवंथ कराया लागली."

अक्षदानं भिंतीला पाठ टेकली. 

फोनवर मागून डॉ. महेश्वरींचा आवाज आला. "पोरी, जागा बरोबर दिलीस. पण मधला ओढा सांगितला नाहीस. स्कूटी अलीकडं ठेवून चिखल तुडवत आले मी!"

"चुकलं मॅडम. ओढा बघायचा ऱ्हायला."

तारामतीनं फोन ओढून घेतला. डोळे पुसत ती नवऱ्यावर ओरडली, "अवो, झोपा काढता व्हय? त्या बाईला आधी पाय धुवायला पाणी द्या. अन् उद्या मेंढरं बसवायच्या आधी मालकाचं नाव इचारा!"

"नाव कशापायी?" पलीकडून बब्रुवान हसत म्हणाला. "हीर सांगतो की."