तपासणीच्या दिवशी शहाणं झालेलं हृदय

अकरा वर्षं माझं हृदय मनाला येईल तेव्हा पळत सुटायचं. बादली उचलताना, बुटाची नाडी बांधताना, एकदा तर नणंदेच्या घरच्या समारंभात फोटोसाठी हसताना. मिनिटाला एकशे नव्वद ठोके! दवाखान्यात पोचेपर्यंत ते आपलं आपण थांबायचं, आणि सगळ्यांचं निदान एकच, मनाचं आहे.

आमच्या हेडमास्तरांचंही तेच. हेडमास्तर म्हणजे माझे यजमान. शाळेत तोच हुद्दा, घरातही तोच. भांडणात मी जरा वरचढ व्हायला लागले की नेमकं छातीत सुरू व्हायचं, मी मटकन खाली बसायचे, आणि हे माझं मनगट धरून, घड्याळाकडे बघत म्हणायचे, "बघ, म्हणून सांगतो, चिडत जाऊ नकोस." नाडी मोजता मोजता विषय मिटायचा. तो दर वेळी यांच्याच बाजूने मिटतो, हे माझ्या डोक्यात शिरायला सहा वर्षं लागली.

मी शहरातली बस चालवते. चालवायचे, म्हणायला हवं. गेल्या वर्षी डेपोसमोरच्या थांब्यावर गाडी उभी असतानाच सुरू झालं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. डेपोच्या डॉक्टरांनी तिथल्या तिथे ईसीजीची पट्टी काढली आणि माझ्या मनाचा तो खेळ पहिल्यांदाच कागदावर उमटला. त्यांनी माझं स्टिअरिंग काढून घेतलं आणि मला हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसवलं. चौदा महिने मी लोकांच्या छत्र्या परत करतेय. एका गृहस्थांना तर तीच छत्री चार वेळा दिली.

हृदयाच्या डॉक्टरबाईंनी नीट समजावलं. माझ्या हृदयात विजेची एक जादा वाट आहे. मांडीच्या शिरेतून बारीक तारा वर न्यायच्या, ती वाट हुडकायची आणि तारेच्या टोकाने चटका देऊन कायमची बंद करायची. महिन्याभरात मी गाडीवर.

"पण टेबलावर तुमचं हृदय पळायला हवं," त्या म्हणाल्या. "नाही पळालं तर चटका द्यायचा कुठे, ते कळणार नाही. ठोके कमी करणारी गोळी पाच दिवस आधी बंद करा."

नणंदेने फोन करून विचारलं, "का गं, तारेने रागसुद्धा काढतात का?"

ठरल्या दिवशी मी त्या गारठलेल्या खोलीत आडवी झाले. जांघेत बधिर करायचं इंजेक्शन, छातीभर चिकटपट्ट्या, समोर मोठाले पडदे, काचेपलीकडे तंत्रज्ञ मुलगी. मी पूर्ण जागी. डॉक्टरबाई तारेतून हृदयाला डिवचत होत्या. ते दोन ठोके जास्तीचे टाकायचं आणि निमूट रांगेत जाऊन उभं राहायचं. तास गेला. मग धडधड वाढवायचं औषध सोडलं. माझे हात थरथरले, हृदय मात्र एकशे दहापर्यंत जाऊन सभ्यपणे परत आलं.

अरे पळ की मेल्या! अकरा वर्षं भाजी चिरू दिली नाहीस आणि आज अंगात शहाणपण आलं?

"अजून दहा मिनिटं बघू," डॉक्टरबाई म्हणाल्या. "नाहीतर तारा काढून घेऊ."

मला छत्र्या दिसायला लागल्या. निवृत्त होईपर्यंतच्या सगळ्या छत्र्या. रडू आलं, पाणी कानात ओघळलं, आणि पुसायला हात मोकळे नव्हते.

"गोळी नक्की बंद होती ना?"

"देवाशप्पथ."

"बाहेर यजमानांना विचारा गं जरा," त्या काचेकडे बघून म्हणाल्या. मुलीने फोन लावला. खोलीतला स्पीकर चालू राहिलाय हे तिच्या लक्षात आलं नाही, आणि हेडमास्तरांचा आवाज थेट माझ्या डोक्यावर आला.

"गोळी? तिने बंदच केली होती हो. मीच दुधातून देत होतो, रोज अर्धी. काल संध्याकाळीसुद्धा दिली."

"का पण?"

"अहो, एवढी मोठी माणसं तपासणार. म्हटलं, ऐन वेळी हृदयाने तमाशा करायला नको. शाळेची तपासणी असते तेव्हा द्वाड पोरांना आम्ही सुट्टीच देऊन टाकतो."

डॉक्टरबाईंनी हातातली तार थांबवली.

"आणि तिला सांगू नका हं," हेडमास्तर म्हणाले. "उगाच चिडेल."

छातीत धाडकन सुरू झालं.

"एकशे ब्याण्णव!" काचेपलीकडून मुलगी आनंदाने किंचाळली.

"हलू नका," डॉक्टरबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "आणि चिडणं थांबवू नका."

अकरा वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी मनापासून चिडले. छातीत गरम गरम लागलं, मग एकदम सगळं शांत झालं. पुढचा अर्धा तास त्यांनी तारेने डिवचून पाहिलं, औषध देऊन पाहिलं, पण ते काही पळालं नाही. ती वाटच उरली नव्हती.

दुपारी वॉर्डात हेडमास्तर आले, चेहऱ्यावर पेपर सोपा गेल्याचं समाधान. मी पडल्या पडल्या सुरुवात केली. दुधापासून. मग चौदा महिने, मग छत्र्या. यांनी सवयीने माझं मनगट धरलं.

"बघ, म्हणून सांगतो, चिड..."

यांनी घड्याळाकडे बघून ठोके मोजले. पुन्हा मोजले. मग नर्सबाईंना हाक मारली.

"ब्याण्णव," त्या मॉनिटर बघून म्हणाल्या. "रागावलेल्या माणसाचे एवढे असायचेच. काळजी करू नका."

हेडमास्तर मनगट सोडायला विसरले. मला मात्र सगळं क्रमाने आठवत होतं.

"अहो, ते स्टूल जवळ ओढा," मी म्हणाले. "अकरातलं अजून पहिलंच वर्ष चाललंय."