पुलावरचे गोटे

आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडते. म्हनून त्या दिवशी अकोल्याले भांडाले गेलो, तरी पयले वाकाच लागलं.

दामिनी माह्या बहिनीची पोरगी. कोनता पूल किती वजन सोसन, हे थे कम्प्युटरवर पायते. तिच्या हापिसात शिरलो, पाया पडलो, अन् वाकल्या वाकल्याच बोंबललो, "काहून बंद केला वं माय आमचा पूल?"

आजूबाजूचे पोट्टे हसले. हसा लेकहो, तुमचं काय जाते? वलगावच्या पलीकडं आमचं गाव, अन् मधात नदी. गावचा भाजीपाला माह्या ट्रकमधी रोज अमरावतीच्या मार्केटात जाते. परवा पुलावर बोर्ड लागला, भरलेल्या गाड्यायले मनाई. आता मोठा फेरा घ्या लागते. पोचलो की लिलाव आटपलेला अन् मेथीनं माना टाकलेल्या. वरून पानटपरीवर वामनराव साऱ्यायसमोर म्हने, "सूर्यभान, तुह्या भाचीनंच घात केला ना गावाचा! शिकवा अजून पोरी!"

तुमीच सांगा, डोकं गरम होईन का नाई?

दामिनी म्हने, "बसा मामाजी. च्या घ्या."

"च्या नाई पाहिजे. पूल पाहिजे."

"मंग पूल पाहा," म्हने अन् खुर्ची ओढली.

कम्प्युटरवर आमचा पूल होता. कठडे, रस्ता, अन् रस्ता ज्यायच्यावर टेकला हाये थे खालचे चार लांब गर्डर. म्हने, "भरलेला ट्रक ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवून पायतो आमी. थो कोठी आला की कोनत्या गर्डरले किती तरास होते, हे मशीन दाखवते. सांगा, कोठून नेऊ?"

"मधातून ने. कोठून नेतं?"

तिनं बटन दाबलं. ट्रक टुकू टुकू निंगाला. चारी गर्डर हिरवेगार.

म्या टेबलावर हात आपटला. "पास! चांगला हाये ना पूल! मंग बोर्ड कायले लावला?"

"थांबा ना. आता कडेनं नेऊ."

तोच ट्रक, तेवढंच वजन, पन कठड्याले घासून. अर्ध्यात आला अन् कडेचा गर्डर लाल झाला, वायल्या मिरचीसारखा.

"चौघायनं पोतं उचललं, अन् तिघायनं हात सोडले," दामिनी म्हने, "त चौथ्याचं काय होईन? अन् हा चौथा आधीच बिमार हाये. खालून त्याचं सिमेंट गयून सळया उघड्या पडल्या."

"पन कडेनं जाते कोन? येडे हाओत का आमी?"

 दामिनीनं पाहनीले आली तवाचा फोटो मोबाईलमधी काढून माह्यापुढं धरला. अर्ध्या पुलावर सोयाबीन वायू घातलेलं. त्याच्या भोवती चुना मारलेले गोटे. अन् उरलेल्या पट्टीतून, कठड्याले चिपकून, एक ट्रक चाललेला.

ट्रक माहा होता. गोटे वामनरावचे.

डोयावरचा पडदाच सरकला. सोयाबीन उचललं की थो तूर टाकते, मंग हरभरा, मंग मिरची. अन् पीक उचललं तरी गोटे तसेच राह्यते, दुसऱ्यानं जागा घेऊ नये म्हनून. त्याच्या बापानं ठेवले, यानं चुना मारला. सात-बारा असल्यावानी! बाराही मयने साऱ्या गाड्या त्याच्यापायी कडेनं. अन् हा मानूस पानटपरीवर माह्या भाचीचं नाव घेते?

दामिनी म्हने, "पूल पुरा मोकया ठेवला, एका येळी एकच गाडी मधातून गेली, त गर्डरचं काम होईपर्यंत चालू ठेवता येते. सोमवारी साहेब पाहाले येऊन राहिले. एक गोटा दिसला नाई पाहिजे मामाजी."

गावात आलो थो सीधा वामनरावच्या ओट्यावर.

"गोटे उचल."

"काहून? पूल सरकारचा हाये."

"सरकारचा हाये म्हनूनच म्हनतो, तुहा नाई!"

"माह्या बापाची जागा हाये थे."

"तुह्या बापानं नदीवर पूल बांधला का बे?"

त्याची बायको माणिकबाई सुपात तूर पाखडत होती. थे म्हने, "उचला ना बापा. सोमवारपुरते उचलले त काय झिजते?" तवा कोठी वामनराव उठला. साऱ्या गावानं हात लावला. इतवारी पूल असा झाडला का नवरदेव येऊन राहिला.

सोमवारी साहेब आले, दामिनी आली. साहेब म्हने, मधातून पिवया पट्टा मारून देतो, दामिनीनं कागदावर सही केली की बोर्ड निंगन. साहेब खुश, गाव खुश, वामनरावनं स्वतः नारळपानी पाजलं. म्हने, "आमची दामिनी हुशारच हाये लहानपनापासून!" दात पाडावे वाटले, पन गप राह्यलो. माहा रस्ता खुलून राहिला होता ना.

जीप लिंबापाशी वयली नाई, त वामनरावचा गडी घमेल्यात गोटे घेऊन हजर.

म्या धावलो. "वामनराव, हे काय?"

"काय म्हंजे? साहेब गेला. झालं ना तुहं काम?"

"गाड्या मधातून जा लागते! म्या कम्प्युटरवर पाह्यलं. थो गर्डर गेला त ट्रक खाली जाईन. पोट्ट्यायची शायेची गाडी जाते अथून!"

"आतापर्यंत पडला का?" थो म्हने. "पडला त पाहू."

म्या गावाकडं पाह्यलं. वाटलं, कोनी त बोलन. वामनरावच्या शेजारचा रामराव पुढं आला. मले वाटलं वामनरावले झापते. त्याच्या खांद्यावर ताडपत्री होती. म्हने, "दुसऱ्या बाजूनं थोडी जागा मले बी पाहिजे. मोकईच हाये आता."

अशी तिडीक गेली डोक्यात! फोन लावला.

"दामिनी, कोठी हायेस?"

"वलगावले, मामाजी. साहेब च्या पिऊन राहिले."

"त्यायले सांग, बोर्ड राहू दे. गोटे परत आले."

 थे हयू म्हने, "तुमचा फेरा, मामाजी? मेथी?"

"फेरा माहा हाये, मी पाहीन. तू सही नोको करू माय. अजिबात नोको करू."

बोर्ड राह्यला. वरून लोखंडाची आडवी कमान लागली, मोठी गाडी खालून जातच नाई. शायेची गाडी बी फेऱ्यानं जाते. गाव माह्याशी बोलत नाई. टपरीवर गेलो की वामनराव थुकते अन् म्हने, "आला पाहा, पूलवाला."

फेऱ्याच्या वयनावरून सकाई पूल दिसते. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सोयाबीन, नुसतं पिवयं. रामरावची ताडपत्री, वामनरावचे गोटे. दोघायच्या मधात जागेवरून आता भांडन चालू हाये म्हनतात. मरा लेकहो.

फटफट्या तेवढ्या कठड्याजवळून जातात. त्या दिवशी म्या दामिनीले फोन केला, म्हनलं, फटफटी कडेनं गेली त चालन का? तिनं चालवून पाह्यली कम्प्युटरवर. हिरवा म्हने, मामाजी.

मंग जाऊ द्या.