पाहुण्याची जागा

"छान आहे हो. कुणाची बाग?" आईनं भिंतीकडे बघत विचारलं, आणि शिडीवरच्या ताईचा ब्रश हातातच राहिला.

जुनं घर विकल्यापासून आई रोज संध्याकाळी चपला घालून दाराशी उभी राहायची. "बागेत जाऊन येते," म्हणायची. तिसऱ्या मजल्यावर कसली आलीय बाग? ताईनं आयुष्यभर फुलापानांची चित्रं विकून पोट भरलं, आणि त्यातली एकूण एक वेल त्या जुन्या घराच्या परसातली. म्हणून बागच आईच्या खोलीत आणायची, असं तिच्या मनानं घेतलं. धाकटा भाऊ कुरकुरला, "ताई, भिंत भाड्याची आहे. घरमालकानं बघितलं तर आपली धडगत नाही." ताईनं ऐकलं नाही.

"आई, अगं आपलीच बाग. हा आजोबांचा जाईचा मांडव. ही तुझी जास्वंद."

"जास्वंद कळली. पण आपली नाही ही. आपल्या बागेत पाहुण्याला जागा असते. इथे मेलं बोट शिरायला जागा नाही."

ताई हसली, आणि मग तिला हसवेना. आजोबा प्रत्येक वाफ्यात वीतभर माती पाहुण्यासाठी मोकळी सोडायचे. वाऱ्यानं, पाखरानं आणलेलं बी तिथे रुजेल तेव्हा रुजेल. तोवर तिथे कुणी काही लावायचं नाही, पाणी मात्र रोज घालायचं. गिऱ्हाइकांना भरगच्च बागा लागतात. त्या काढता काढता ताई हे साफ विसरली होती. तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिनं मातीचा रंग कालवला आणि मधोमध उमललेल्या गुलाबांवर फिरवला.

"वेड लागलं का?" भाऊ म्हणाला. "सगळ्यांत चांगले तेच होते. कोपऱ्यात कुठेतरी सोडायची जागा."

"पाहुण्याला काय कोपऱ्यात बसवायचं?"

ताईला रात्रभर स्वप्नात ओल्या मातीचा वास येत राहिला.

सकाळी उठून बघते तो खोलीभर पाणी. आई बाथरूममधला मग घेऊन त्या तपकिरी तुकड्याखाली, भिंतीच्या मुळाशी, बेतानं धार धरून उभी होती. भाऊ फडकं घेऊन धावला. ताईनं त्याचा दंड धरला.

"अजून काही उगवलं नाही," आई म्हणाली.

"येईल गं."

"येऊ दे सावकाश. आपल्याला कुठे जायचंय?"

आई अनवाणी होती. वाफ्यात उतरताना काढून ठेवायची, तशा तिच्या चपला भिंतीपासून हातभर अलीकडे नीट जोडून ठेवलेल्या होत्या.