लाल ओटा

"साहेब, तो बायकांचा ओटा हाये."

हरिओम मेडिकलवाल्याने हे इतक्या आपुलकीने सांगितले, की लाल ओट्यावर ठेवलेला उत्तमरावांचा उजवा पाय शेणात पडल्यासारखा चटकन मागे आला.

"माहीत हाये ना बे. बुटाची लेस बांधून राह्यलो होतो," असे म्हणून ते खाली वाकले. वाकल्यावर त्यांच्या लक्षात आले, की आज पायात सँडल आहे. तरी त्यांनी काहीतरी बांधले. मग उठून वरच्या अंगाला, लांबच्या पांढऱ्या ओट्याकडे चालू लागले.

चिखलीत कॉलेजमागच्या बरड जमिनीवर पूर्वी फक्त शेळ्या चरत. कॉलेजचा एक माजी विद्यार्थी अमेरिकेहून आला आणि तिथे डिस्क गोल्फ नावाचा खेळ मांडून गेला. ओट्यावर उभे राहून प्लास्टिकची थाळी फेकायची, ती पडेल तिथून पुन्हा फेकायची आणि साखळ्या लोंबणाऱ्या लोखंडी टोपलीत कमीत कमी फेकींत घालायची. प्रत्येक टोपलीसाठी तीन ओटे. लाल जवळचा, पिवळा मधला, पांढरा लांबचा.

"ओटा मानाचा नसतो," खेळाच्या शिक्षिका प्रतीक्षा मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. "आपली थाळी जिथवर जाते, त्याप्रमाणे ओटा निवडायचा. प्रत्येक ओट्याचा निकाल वेगळा लागेल."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चिखलीत टाळ्या वाजवणे म्हणजे पटले असे नव्हे. आठवडाभरात पांढरा ओटा संस्थेच्या संचालकांचा, कंत्राटदारांचा आणि ज्यांना लोक साहेब म्हणतात अशा सगळ्यांचा झाला. पिवळ्यावर मास्तर लोक उभे राहू लागले. लाल ओटा बायकांना आणि अँजिओप्लास्टी झालेल्यांना सुटला. तोही सहा महिन्यांपुरता. त्यानंतर माणूस लालवर दिसला तर लोक त्याच्या घरी चौकशी करत.

उत्तमराव त्याच कॉलेजातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. म्हणजे साहेब. म्हणजे पांढरा ओटा. यात विचारण्यासारखे काही नव्हते. त्यांचा उजवा खांदा दिवाळीपासून जखडला होता, डाव्या हाताने ते भांग पाडत, आणि पांढऱ्या ओट्यावरून त्यांची थाळी न चुकता बाभळीत जात होती, हा भाग वेगळा. खांद्याचे फक्त बायकोला, सत्यभामाबाईंना, ठाऊक होते. शर्टाची बाही त्याच चढवून देत.

खरा खेळ उजाडताना, मंडळी यायच्या आधी व्हायचा. तेव्हा दोघे नवरा-बायको लाल ओट्यावर असत. सत्यभामाबाईंचे माहेर संग्रामपूरकडचे. लहानपणी माळ्यावर उभ्या राहून गोफणीने ज्वारीवरची पाखरे उडवलेला हात. थाळी जमिनीलगत सरसरत जायची आणि साखळ्या खळाळायच्या. तेवढ्या अंतरावरून उत्तमरावांचीही थाळी खांदा न दुखता जायची, आणि कधीकधी दोन्ही थाळ्या शेजारी शेजारी पडलेल्या असायच्या. तेव्हा सत्यभामाबाई तोंडावर पदर न घेता हसत. हे हसणे उत्तमरावांनी संसारात फारसे ऐकले नव्हते. पहिली मोटारसायकल वाजली, की उत्तमराव लालवरून उतरत.

कॉलेजच्या स्नेहमेळाव्यात जोडप्यांची स्पर्धा जाहीर झाली. जोडीने एकच ओटा निवडायचा आणि आळीपाळीने फेकायचे.

"आपुन लालवून खेळू," भाकरी थापता थापता सत्यभामाबाई म्हणाल्या. "तिथून जमते आपल्याले."

"हाव."

"जिंकलं त माइकवून नाव पुकारतात म्हणे. दोघाईचं."

"पुकारतात ना."

"माह्या बापानं एवढं मोठं नाव ठेवलं, अन् अख्खी चिखली मले हेडक्लार्कबाई म्हणते. एक डाव आयकू त द्या मले, कसं वाटते ते." त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. "लालवून हं. नक्की?"

"नक्की म्हणलं ना!"

उत्तमराव हे मनापासून म्हणाले होते. पण ते घरात म्हणाले होते.

रविवारी मैदानावर मांडव, खुर्च्या आणि सगळी ओळखीची माणसे. प्रतीक्षा मॅडम माइक घेऊन ओटे विचारत होत्या. लाल ओट्यावर एकच जोडी होती. भाजीवाला गजेंद्र आणि त्याची बायको कलाबाई. वरून, पांढऱ्या ओट्यावरून, हरिओमने पंगतीत हाक मारावी तशी हाक मारली, "साहेब, या इकडे! तुमची जागा धरून ठेवली हाये!"

"सर, कुठला ओटा?" मॅडमनी माइक पुढे केला.

उत्तमरावांनी एकदा गजेंद्रकडे पाहिले.

"पांढरा," ते म्हणाले. तेही माइकवरून ऐकू गेले.

सत्यभामाबाईंनी थाळी उचलली. पदर खोचला आणि चढ चढू लागल्या.

पहिली फेक उत्तमरावांची. थाळी बाभळीत गेली. तिथून फेकायची पाळी बाईंची. त्या काट्यांत शिरल्या. लुगडे अडकले, तळहातात काटा मोडला, पण त्या आतल्या चिंचोळ्या जागेतून थाळी अशी सुटली, की लोक "वा, हेडक्लार्कबाई!" म्हणाले. पुढची फेक उत्तमरावांची. ती टोपलीच्या बाजूने निघून उतारावर गेली. दुसऱ्या टोपलीला ओट्यावर बाई. पांढऱ्यावरून त्यांचाही हात पुरेना. तिसरीला पुन्हा उत्तमराव आणि पुन्हा बाभूळ. बघणारे एकेक करून चहाकडे वळले. बाई थाळी शोधायला झुडपात गेल्या.

"काय साहेब," हरिओम म्हणाला, "आज काही जमून नाही राह्यलं?"

आता "खांदा जखडला" एवढे दोन शब्द पुरले असते. उत्तमरावांच्या तोंडून दुसरेच निघाले.

"काय करता बावा! बाईमाणूस बांधलं ना गळ्यात!"

पुरुष मंडळी दिलखुलास हसली. उत्तमरावही हसले. ते झुडूप काही फार दाट नव्हते. सत्यभामाबाई बाहेर आल्या, थाळी पदराला पुसली आणि नवऱ्याच्या हातात दिली.

"हे घ्या," त्या म्हणाल्या. "सापडली."

उत्तमरावांना वाटले, ही काहीतरी बोलेल तर बरे होईल. मग ते सगळा वेळ थाळीकडेच बघत राहिले.

संध्याकाळी निकाल लागला. "लाल ओटा, विजेती जोडी, कलाबाई आणि गजेंद्र!" कलाबाई लाजून नवऱ्याच्या मागे लपली. त्या जोडीला जितक्या फेकी लागल्या होत्या, त्याहून कितीतरी कमी फेकींत सत्यभामाबाई रोज सकाळी खेळ संपवत. हे त्या मांडवात दोघांनाच माहीत होते. सत्यभामाबाईंनी टाळ्या वाजवल्या. काटा मोडलेला हात असल्यामुळे त्या टाळ्यांचा आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताना उत्तमराव दाराशी थांबले.

"चालतं ना?"

"तुमी या जाऊन. मले काम हाये."

काम काय, ते विचारायचा धीर त्यांना झाला नाही. बाही आज त्यांनी स्वतःच चढवली. वेळ लागला. मैदानावर पोचेपर्यंत मंडळी आली होती. उत्तमराव सगळ्यांदेखत लाल ओट्यावर चढले आणि उभे राहिले.

"साहेब," हरिओम म्हणाला, "तो बायकांचा..."

"खांदा जखडला हाये माहा. दिवाळीपासून. काल माह्याचमुळे हारलो. ते झुडपातून फेकत होती म्हणून तेवढं तरी झालं."

ते हसण्याची वाट पाहत उभे राहिले. त्यांनी रात्रभर त्या हसण्याची तयारी केली होती.

"मंग अगोदर सांगायचं ना राजेहो!" हरिओम चिडून म्हणाला. "मलेई तिथून जमत नाही. माहा गुडघा गेला. मी त तुमच्यामुळं तिथं उभा राह्यतो. म्हणलं साहेब पांढऱ्यावर, अन् आपुन खाली कसं दिसते?" आणि तो येऊन लाल ओट्यावर चढला. त्याच्या मागोमाग एक कंत्राटदार आला. थोड्या वेळाने लाल ओट्यावर पाय ठेवायला जागा राहिली नाही.

उत्तमरावांची थाळी पहिल्याच फेकीत साखळ्यांना लागली. सगळे "वा साहेब" म्हणाले. ते तसेच घराकडे निघाले, चालता चालता वाक्य जुळवत. आत शिरताच म्हणायचे, मी सगळ्यांदेखत सांगितलं.

सत्यभामाबाई अंगणात गहू निवडत होत्या. तळहाताला हळद लावलेली होती.

"आलात?" त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर वाक्य म्हणता आले असते. "पाणी घ्या. माठ भरला आत्ताच."

उत्तमराव आत गेले. माठावर सत्यभामाबाईंची खेळायची थाळी झाकण म्हणून ठेवली होती. स्वच्छ घासलेली.

"झाकणी फुटली होती कधीची," बाहेरून आवाज आला. "हे बरोबर बसली."

त्यांनी थाळी उचलली, पाणी घेतले, प्यायले. मग थाळी पुन्हा माठावर ठेवली. खरेच बरोबर बसत होती.