पोतनीसांचा वयोगट

तरुणांच्या मनापर्यंत पोहोचणं हे आपल्या काळातलं सर्वांत अवघड आणि सर्वांत पवित्र काम आहे, असं 'दोस्त संदेश' प्रकल्पाच्या प्रस्तावात पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. शांताराम पोतनीसांच्या मनापर्यंत पोहोचायला प्रकल्पाला दीड मिनिट लागलं. पोतनीस छप्पन्न वर्षांचे होते आणि प्रकल्प अठरा ते चोवीस वयोगटासाठी होता, एवढाच काय तो फरक.

प्रकल्प साधा होता. दिल्लीतल्या सातशे मुलामुलींना रोज दुपारी सव्वा वाजता फोनवर एक संदेश पाठवायचा: मनाबद्दल, शरीराबद्दल आणि या दोघांच्या मधे जे काही असतं त्याबद्दल. मुलांनी उत्तर द्यायचं. सहा महिन्यांनी त्यांच्या वागण्यात काय बदल झाला ते मोजायचं. कॉलेजात टेबल मांडून नावनोंदणी झाली, आणि ज्यांना हवी त्यांची रक्ततपासणीही फुकट. पोतनीसांच्या मुलानं, निहारनं, फॉर्म भरला तो संदेशांसाठी नव्हे. त्याला तपासणी हवी होती. वय वीस, बी.कॉम.चं दुसरं वर्ष. तीन आठवडे तो धड झोपला नव्हता, आणि का झोपला नव्हता हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं.

गोपनीयता कडेकोट होती. फॉर्मवर नावसुद्धा नव्हतं, फक्त कोड: एन-२१७. संपर्क क्रमांकाच्या रकान्यात मात्र निहारनं बापाचा मोबाइल नंबर लिहिला.

विचार करून लिहिला असं नाही. हातानंच लिहिला. नर्सरीचा प्रवेश, पोहण्याचा क्लास, बारावीची परीक्षा, दाताच्या डॉक्टरची चिठ्ठी, सगळीकडे तोच नंबर जात आला होता. पोतनीस केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर होते, आणि सर्व पत्रव्यवहार एकाच ठिकाणी यावा हे त्यांचं घरातलंही धोरण होतं. "माझा नंबर टाक," ते सांगत. "तुझे फोन हरवतात."

पहिला संदेश आला तेव्हा पोतनीस कार्यालयात डबा उघडत होते. 'हाय दोस्त! आज मन कैसा है? 1 से 10 में बताओ.' कर्मचारी कल्याण विभागाचं काहीतरी नवीन असणार, असं त्यांना वाटलं. आलेल्या कागदाला उत्तर न देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. अभिप्राय मागवलाच आहे तर खरा द्यावा, म्हणून थोडा विचार करून त्यांनी लिहिलं: 4.

'बताने के लिए शुक्रिया. तुम अकेले नहीं हो.'

हे पोतनीसांनी दोनदा वाचलं. एकतीस वर्षांच्या नोकरीत असं लेखी कोणी कळवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशीही 4. तिसऱ्या दिवशी, आदल्या रात्री झोप लागली होती म्हणून, 5. चौथ्या दिवशी कंडोम कसा वापरावा याची सचित्र माहिती आली. पोतनीसांनी फोनवर डब्याचं झाकण ठेवलं, पलीकडच्या टेबलावरच्या हरिदासकडे पाहिलं, मग झाकण काढून उत्तर दिलं: 'आपका संदेश प्राप्त हुआ. नोट किया गया.' कल्याण विभाग बराच पुढे गेलेला दिसत होता. पण सव्वा वाजला की ते फोनकडे बघू लागले होते, हेही खरं.

बाराव्या दिवशीचा संदेश वेगळा होता. 'दोस्त, तुम्हारी ब्लड रिपोर्ट के बारे में ज़रूरी बात करनी है. कोड N-217 लेकर मुनिरका सेंटर आओ. घबराना मत.'

पोतनीसांनी रक्त दिलं नव्हतं. ज्याच्या नावापुढे आपला नंबर लागतो असं जगात एकच माणूस होतं. त्यांनी मागचे अकरा संदेश वर सरकवून पुन्हा वाचले, या वेळी चष्मा लावून, आणि त्यांना कळलं की आपण मुलाची पत्रं फोडून वाचली, आणि वर त्यांना उत्तरंही दिली. सगळ्यात वाईट होतं ते 'घबराना मत'. घाबरण्याचं कारण नाही, असं कारण असल्याशिवाय कोणी लिहीत नाही. त्यांनी स्वतः अनेकदा लिहिलं होतं.

संध्याकाळी जेवताना निहार भात या बाजूचा त्या बाजूला करत होता.

"याचा चेहरा बघा," त्याची आई विजयालक्ष्मी म्हणाल्या. त्या शाळेत शिकवत, त्यामुळे घरातही दुखण्याचं निदान फळ्यावर लिहिल्यासारखं करत. "पांढराफटक पडलाय. रक्त कमी झालंय याचं. उद्यापासून बीट."

"रक्ताचं कशाला काढतेस जेवताना," पोतनीस म्हणाले.

"मग कशाचं काढू?"

"बीट नको यार, आई."

"मी तुझी यार नाही. बीट खायचं."

निहारचा फोन ताटाशेजारी पालथा होता. दर दोन मिनिटांनी तो उलटा करून बघायचा आणि पुन्हा पालथा घालायचा. ज्या संदेशाची तो वाट बघत होता तो दीड हातावर, बापाच्या शर्टाच्या खिशात होता. पोतनीसांनी पुढचे तीन दिवस तो मुलाला पाठवायला घेतला आणि सोडून दिला. पाठवला, तर आपण वाचलंय हे कळणार. नाही पाठवला, तर पोरगा असाच वाळत जाणार. चौथ्या दिवशी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारण: वैयक्तिक.

मुनिरकातलं सेंटर एका मोमोवाल्याच्या वर, दुसऱ्या मजल्यावर होतं. जिन्यात कोचिंगच्या जाहिराती, वर दोन खोल्या आणि केतकी नावाची मुलगी. ती फलटणहून आठ वर्षांपूर्वी नागरी सेवा परीक्षेसाठी आली होती. चार प्रयत्नांनंतर परीक्षा सुटली, मुनिरका सुटलं नाही. आता ती प्रकल्पाची समन्वयक होती.

"एन-दोनशे सतरा," पोतनीस म्हणाले, आणि आडनावही सांगून टाकलं.

"मराठी का तुम्ही? बसा ना काका." तिनं संगणकात पाहिलं. "हा मुलगा वीस वर्षांचा आहे."

"हो. मी त्याचा बाप."

"मग त्यालाच यावं लागेल."

"त्याला माहीत नाही. संदेश मला येतात."

केतकीचा हात थांबला. "सगळे?"

"पहिल्यापासून."

"म्हणजे ती उत्तरं..." तिनं संगणक थोडा स्वतःकडे वळवला. "काका, एन-दोनशे सतरा आमचा सगळ्यात चांगला प्रतिसाद आहे. रोज उत्तर देणारा एकटाच. गेल्या सोमवारी मी त्याचा आलेख मोठ्या सरांना दाखवला. तरुण मुलगा, चारवरून सहावर."

"पावणेसहा," पोतनीस म्हणाले. "पण तुमच्यात पूर्णांकच घेतात."

खालून मोमोच्या वाफेचा वास येत होता.

"एवढंच सांग, बाळ," पोतनीस म्हणाले. "मोठं काही आहे का? तू नुसती मान हलव."

"मला नाही सांगता येणार. तुम्हाला सांगितलं तर उद्या कोणाच्याही बापाला सांगावं लागेल. आणि इथली निम्मी मुलं बापाला कळू नये म्हणूनच येतात."

"बरोबर आहे," पोतनीस म्हणाले. नियम बरोबर असला की त्यांना वाद घालता येत नसे. "मग त्याच्याशी बोलायचं कसं ते तरी सांगा. सातव्या दिवशी आई-वडिलांशी कसं बोलावं, असं आलं होतं. बापानं मुलाशी कसं बोलावं, ते कितव्या दिवशी आहे?"

केतकीनं यादी बघितल्यासारखं केलं. "ते प्रस्तावात नाही, काका."

पोतनीस उठले. दाराशी येऊन त्यांनी विचारलं, "मी आलो नसतो तर?"

"तीन वेळा संदेश पाठवून आला नाही, तर आम्ही 'संपर्क तुटला' अशी नोंद करतो," ती म्हणाली. तिनं हे त्यांच्याकडे न बघता सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोतनीस निहारला म्हणाले, "चल, दूध आणू." दुधाची एक पिशवी आणायला दोन माणसं घरातून आजवर गेली नव्हती. दुधाच्या बूथच्या बाजूला सिमेंटचा बाक होता. पोतनीसांनी फोन काढला, संदेश उघडला आणि मुलाच्या मांडीवर ठेवला.

निहारनं वाचलं. त्याचे कान लाल झाले, मग पांढरे.

"हे तुमच्याकडे कसं आलं?"

"तूच माझा नंबर लिहिलास."

"शिट," निहार म्हणाला. "कधी आलं?"

"शुक्रवारी."

"आज बुधवार आहे, बाबा. मी रोज... तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"तू तरी कुठे बोललास."

दोन बायका दूध घेऊन गेल्या. निहार फोनकडे बघत म्हणाला, "एकदाच झालं. अनुरागच्या बहिणीच्या लग्नाला गेलो होतो ना आम्ही. तिथे."

"लग्न कुठे होतं?"

"पानिपतला."

पोतनीसांनी डोळे मिटले. मराठी बापाला याहून वेगळं काही सुचण्यासारखं नव्हतं.

"मुलगी कोण?"

"होती. तिचीही मर्जी होती, बिल्कुल. पण काही वापरलं नव्हतं."

"चौथ्या दिवशी आलं होतं ते," पोतनीसांच्या तोंडून निघून गेलं. "सचित्र."

निहार हसला की रडला ते नीट कळलं नाही. मान खाली होती, पाठ हलत होती. पोतनीसांनी हात पुढे केला, कुठे ठेवावा याचा विचार केला आणि शेवटी दुधाच्या पिशवीसकट त्याच्या खांद्यावर ठेवला.

"मला धास्ती होती, तू काही करून घेशील."

"धास्ती म्हणजे?"

"भीतीच. घरी बसून वाटते ती."

"तीच मला पण होती," निहार म्हणाला. "तुम्हाला समजलं तर काय, याची. रिपोर्टपेक्षा जास्त."

पिशवीचं पाणी निहारच्या शर्टावर गळत होतं.

अकरा वाजता दोघं मुनिरकाला गेले. पोतनीस जिन्यात थांबले. आत जाण्याचा त्यांना अधिकार नव्हता. एकवीस पायऱ्या त्यांनी चारदा मोजल्या. मग निहार बाहेर आला.

"काय?"

"सॅम्पल कमी पडलं. परत द्यायचंय."

"एवढ्यासाठी 'घबराना मत'?"

"त्या दिवशीच्या एकोणचाळीस जणांना तोच मेसेज गेलाय. एकच ठरलेला आहे त्यांच्याकडे."

पोतनीस जिन्यातच बसले. केतकी दाराशी आली. तिनं नवा फॉर्म निहारपुढे धरला आणि संपर्क क्रमांकाच्या रकान्यावर बोट ठेवलं. निहार पेन घेऊन उभा राहिला.

"माझा नंबर पाठ नाही," तो म्हणाला.

पोतनीसांनी पायरीवरूनच तो म्हणून दाखवला, दहाही आकडे, न थांबता.

"तुमचे संदेश आता बंद होतील, काका," केतकी म्हणाली. "तुमची उत्तरंही काढून टाकावी लागतील. वयोगटात बसत नाहीत."

"साहजिक आहे," पोतनीस म्हणाले.

अहवालाला दहा कामकाजाचे दिवस लागणार होते. मधे होळी होती. त्या दिवसांत निहार रोज सकाळी बापाबरोबर दूध आणायला गेला. बोलणं फार झालं नाही. एकदा पोतनीसांनी त्याला विचारलं, एक ते दहात किती? तो म्हणाला, तीन. पोतनीस म्हणाले, माझंही. एक दिवस निहार म्हणाला, त्या मुलीला फोन करून सांगितलं, ती रडली. पोतनीसांनी मान हलवली आणि त्या दिवशी दोन पिशव्या घेतल्या.

तेराव्या दिवशी सव्वा वाजता पोतनीसांनी कार्यालयात डबा उघडला आणि सवयीनं फोन बाजूला काढून ठेवला. प्रकल्पाचा संदेश आला नाही. एक वाजून चाळीस मिनिटांनी निहारनं त्याचा अहवाल पाठवला, सोबत एकही शब्द नाही. पोतनीसांनी चष्मा लावला. काही सापडलं नव्हतं. तीन महिन्यांनी एकदा पुन्हा तपासून घ्यावं, असं छापील वाक्य होतं, आणि खाली पेनानं एक ओळ.

हिमोग्लोबिन कमी होतं. बीट खायला सांगितलं होतं.